उमाच्या शेजारची जागा

१

सकाळी ऑफिस उघडलं की उमा आधी खिडकी उघडायची आणि भालचंद्र कॉम्प्युटर चालू करायचा. मग माठातलं पाणी पिऊन दोघं कामाला बसायचे. लग्नाला सहा-सात वर्षं झाली होती, ऑफिसलाही जवळपास तेवढीच. घरातलं बोलणं कुठं संपतं आणि ऑफिसातलं कुठं सुरू होतं, हे दोघांनाही सांगता आलं नसतं. खरं म्हणजे बोलणंच फारसं उरलं नव्हतं. "लाइट कधी जाणार आज?" "दुपारी." एवढं झालं की दिवस सुरू.

जालन्यात धान्याच्या मोंढ्याच्या मागं, खतांच्या दुकानावरची ती लांबुळकी खोली. भिंतीला लागून सुताराकडून करून घेतलेलं एकच लांब टेबल. त्याच्या डाव्या टोकाला उमा, उजव्या टोकाला भालचंद्र, आणि दाराशी भुजंगचं छोटं टेबल. भुजंग भोकरदनकडचा. औरंगाबादेत कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून तो त्यांच्याकडं लागला होता आणि गिऱ्हाइकांकडं जाऊन प्रोग्राम बसवून द्यायचं काम बघायचा.

त्या वर्षी हातात एकच मोठं काम होतं. बदनापूरजवळच्या एका बियाणं कंपनीच्या प्रयोगशाळेसाठी प्रोग्राम. कुठल्या शेतातून नमुना आला, त्यातलं किती उगवलं, कुणी तपासलं, असं सगळं त्यात भरायचं. आतलं गणित भालचंद्राचं, आणि डोळ्यांना दिसतं ते सगळं, खिडक्या, रकाने, बटणं, त्यांची मांडणी, उमाची.

गणित कुणाला दिसतं? प्रयोगशाळेचे प्रमुख अण्णासाहेब स्क्रीन बघून म्हणाले होते, "उमाताई, काय सुरेख केलंय हो. बघूनच काम करावंसं वाटतं." मग जरा थांबून त्याच्याकडं वळले होते, "तुमचीही मदत होत असेल म्हणा."

भालचंद्र हसला होता. ते हसू त्याच्या गालांत नंतर बराच वेळ दुखत राहिलं.

२

प्रयोगशाळेनं नवे कॉम्प्युटर घेतले, आणि त्यांवर विंडोजऐवजी लिनक्स टाकलेलं होतं. तसा प्रोग्राम दोन्हींवर चालेल अशाच भाषेत लिहिला होता. पण चालणं वेगळं आणि दिसणं वेगळं. एक लिनक्सचं मशीन ऑफिसात आणून भालचंद्राच्या टोकाला मांडलं, प्रोग्राम उघडला, आणि उमानं कपाळावर हात मारला. अक्षरं रुंद झाली होती, वेलांट्यांचे शेंडे कापले गेले होते. 'जतन करा'च्या बटणावर नुसतं 'जत' आणि पुढं तीन टिंबं. रकाने एकमेकांच्या अंगावर.

"हे तुमच्या मशीनवर असं का दिसतंय?" उमा म्हणाली.

"माझ्या मशीनवर नाही. लिनक्सवर," तो म्हणाला. त्याला आतून थोडं बरं वाटलं होतं. तिची मांडणी मोडते हे त्यानं पहिल्यांदाच बघितलं होतं.

दोघं कामाला लागले. फाँट बदलला, बटणांना ऐसपैस जागा दिली. एकेक गोष्ट जागेवर येत गेली. राहिली ती एकच. मुख्य खिडकीच्या तळाशी एक पट्टी होती, तिच्यात बनवणाऱ्यांची नावं. आधी 'उमा', मग 'भालचंद्र'. तिनं स्वतःचं नाव आधी घातलंय हे त्याच्या पहिल्याच दिवशी लक्षात आलं होतं, पण तो बोलला नव्हता. विंडोजवर दोन्ही नावं अगदी शेजारी शेजारी होती. लिनक्सवर त्यांच्या मधे जागा सुटत होती. मोठी नाही, एखादं नाव बसेल एवढी.

मोकळ्या जागेचा मालक शोधायची एक साधी युक्ती असते. खिडकीतल्या प्रत्येक चौकटीला लाल रेघ आखायची. जिच्या रेघेच्या आत ती जागा येईल तिचा दोष. भालचंद्रानं सगळ्यांना लाल रेघा दिल्या. खिडकी भाजी चिरल्यासारखी चौकटी-चौकटींची झाली. उमाच्या नावाभोवती रेघ, भालचंद्राच्या नावाभोवती रेघ. मधल्या जागेला कुणाचीच रेघ नाही.

तो खुर्चीत मागं रेलला. प्रोग्राममध्ये जागा अशी आपोआप सुटत नाही. कुणीतरी मागावी लागते, तेव्हा बाकीचे सरकतात. इथं दोघं सरकले होते, आणि मागणारा कुणी नव्हता.

"भुजंग, इकडं ये रे. ही मधली मोकळी जागा बघ."

भुजंग वाकून बघू लागला. "मोकळं कुठं हाय, सर?"

"हे काय. दोन नावांच्या मधे."

भुजंगनं स्क्रीनकडं बघितलं, मग उमाकडं, मग पुन्हा स्क्रीनकडं. "बराबर तर दिसून राह्यलंय, सर," तो म्हणाला आणि आपल्या टेबलाकडं गेला. नंतर कितीतरी वेळ त्यानं मान वर केली नाही.

३

तेवढ्यानं काम अडत नव्हतं. प्रयोगशाळेत दाखवायला जायचं ठरलं. उमा आणि भालचंद्र बदनापूरच्या एसटीत बसले. तिघांच्या सीटवर उमा खिडकीशी, तो कडेला. जालना सोडायच्या आतच बस गच्च भरली. लोक दांडे धरून उभे. एक म्हातारी हातात पिशवी घेऊन त्यांच्या सीटपाशी आली, मधे बघितलं, आणि मागच्या बाईला म्हणाली, "समद्या भरल्यात गं."

"मावशी, बसा की," भालचंद्र म्हणाला. "जागा आहे इथं."

म्हातारीनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "कुठं बसू बाबा? मांडीवर?"

आजूबाजूचे हसले. उमाही हसली. पण ती म्हातारीकडं बघून हसली नाही. तिनं मान जराशी मधल्या जागेकडं वळवली आणि खालच्या आवाजात, कुणी कानाशी काही बोलल्यावर हसतात तसं हसली.

भालचंद्राला स्वतःचा पाय दिसला. तो अर्धा सीटबाहेर, चालायच्या वाटेत होता. एक मांडी हवेत. मधे एवढी जागा असून तो असा लोंबकळत का बसलाय? त्यानं आत सरकायचं मनात आणलं, आणि बदनापूर येईपर्यंत तो सरकला नाही. परक्या माणसाशेजारी बसायला म्हातारी लाजली असेल, असं त्यानं स्वतःला सांगितलं. मग आपण का लाजलो?

अण्णासाहेबांनी प्रोग्राम बघितला, खूश झाले. भालचंद्रानं मुद्दाम तळाच्या पट्टीवर बोट ठेवलं. "इथं मधे जरा मोकळं वाटतंय ना, साहेब?"

"मोकळं?" अण्णासाहेबांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. "उलट दाटीच झालीय की हो. पण असू द्या. ज्यांनी काम केलं त्यांची नावं पाहिजेतच."

उमाच्या गालावर किंचित लाली आली होती. ती लाली भालचंद्रानं लग्नाच्या आसपास बघितली होती, त्यानंतर नाही.

४

तेव्हापासून त्याला ती जागा सगळीकडं दिसायला लागली.

स्कूटरवर उमा मागं बसायची तेव्हा त्याच्या पाठीला गार वारा लागायचा. मधे एक माणूस मावेल एवढं अंतर. घरी पलंगावर ती भिंतीला चिकटून झोपायची आणि तो कडेवर. ऑफिसात टेबलाच्या मधोमध एक खुर्ची होती. ती कधीपासून आहे, त्याला आठवेना.

"ही खुर्ची कुणी आणली रे?" त्यानं भुजंगला विचारलं.

"तिथंच ऱ्हाती की ती, सर."

रविवारी दुपारी उमानं स्वयंपाकघरात ताटं वाढली. एक तिच्यासमोर, दुसरं पार दाराशी. भाकरी, वांग्याची भाजी, ठेचा. तो ताटावर बसला आणि त्याला राहवलं नाही.

"मधे कुणाला बसवायचंय?"

"म्हणजे?"

"कुणासाठी जागा ठेवतेस तू? बसमधे, स्कूटरवर, इथं. मला काय दिसत नाही का?"

उमानं भाकरीचा तुकडा तसाच हातात धरला. ती चिडली असती, रडली असती, तर त्याला चाललं असतं. ती नुसती बघत राहिली, जरा दमल्यासारखी.

"मी कुठं ठेवते?" ती म्हणाली. "मी आहे तिथंच आहे. सरकता तुम्ही."

बाहेर कुणीतरी हापसा मारत होतं, त्याचं कुंईकुंई ऐकू येत राहिलं. तिनं मान खाली घातली आणि जेवायला लागली. जेवता जेवता तिनं ठेच्याची वाटी उचलली आणि मधल्या रिकाम्या फरशीवर, ना स्वतःजवळ ना त्याच्याजवळ, अलगद ठेवली.

५

मत्सराला एक चेहरा लागतो. भालचंद्राला तो चेहरा सापडेना म्हणून तो अधिकच कासावीस झाला. कोण आहे? कधी येतो? सगळा दिवस उमा त्याच्या डोळ्यांसमोर असायची. फोन आला तर तोच उचलायचा. मग तिच्या चेहऱ्यावर हे तेज कशाचं? गुणगुणते काय, केसांना तेल लावते काय, काम तर असं करते की जणू शेजारी बसून कुणी शाबासकी देतंय. त्याला आठवलं, आपण तिला शेवटचं 'छान झालंय' कधी म्हणालो? आठवेना. त्याचाही त्याला रागच आला.

एके सकाळी उमा बँकेत गेली असताना त्यानं लिनक्सच्या मशीनवर तो प्रोग्राम उघडला आणि त्या मधल्या जागेत नावं घालून बघायला सुरुवात केली. आधी 'भुजंग'. दोन्ही बाजूंनी फट राहिली. मग 'जगन्नाथ'. हा तिच्या कॉलेजातला, दिवाळीला एकदा फोन करणारा. नाव बाहेर सांडलं. 'संपत' घातलं, 'रामकिसन' घातलं. ओळखीतल्या, बिनओळखीच्या, कुठल्याही पुरुषाचं नाव. कधी कमी पडायचं, कधी जास्त व्हायचं. कपड्याच्या दुकानात दुसऱ्याच्या मापाचा सदरा घेऊन गिऱ्हाइकं शोधत बसावं तसा तो बसला होता. कपाळावर घाम होता. आपण हे काय करून राहिलोय, असं मधेच त्याच्या मनात आलं, आणि तरी बोटं थांबली नाहीत.

शेवटी त्यानं सगळी नावं खोडली. उमाची सगळी नाजूक, आपली आपण सरकणारी मांडणीही खोडली. त्या पट्टीपुरती प्रत्येक चौकट आकडे देऊन खिळा ठोकल्यासारखी पक्की बसवली. उमा इथं. तिला खेटून भालचंद्र. मधे तसूभरही नाही. आता कुणी कितीही जागा मागो.

प्रोग्राम चालू केला.

'उमा' जागेवर होती. मग ती जागा, जशीच्या तशी. तिच्या पलीकडं, खिडकीच्या अगदी कडेला दाबून बसवल्यासारखं, 'भाल' आणि पुढं तीन टिंबं.

अक्षर रुंद आहे, म्हणून नाव कापलं गेलं, असं तो मोठ्यानं म्हणाला. खोलीत कुणीच नव्हतं. भुजंग खाली चहा सांगायला गेला होता. मधल्या खुर्चीतून मात्र वेत दबल्याचा बारीक आवाज आला, माणूस बसल्या जागी कूस बदलतो तेव्हा येतो तसा.

६

दुसऱ्या दिवशी दुपारी ठरल्या वेळी लाइट गेली.

पंखा मंदावत थांबला. उमाच्या मशीनला बॅटरी होती, ती टी टी करत राहिली आणि उमा घाईघाईनं काम जतन करू लागली. भालचंद्राच्या मशीनची बॅटरी कधीच मेली होती. त्याचा मॉनिटर चर्रर्र झाला आणि काळा पडला.

तो जुना फुगीर काचेचा मॉनिटर. चालू असताना काचेकडं कुणाचं लक्ष जात नाही. बंद पडल्यावर तिच्यात सगळी खोली उतरली. उजेडाची खिडकी, भिंतीवरचं कॅलेंडर, वाकडं झालेलं लांब टेबल, आणि पार टोकाला छोटीशी उमा.

ती एकटी नव्हती.

काच वाकडी असते, तिच्यात दाराची सावलीही माणसासारखी दिसते, हे भालचंद्राला ठाऊक होतं. तो डोळे बारीक करून बघत राहिला. उमाच्या शेजारी कुणाची तरी पाठ होती. पुरुषाची पाठ, जरा पुढं झुकलेली, ती काय करतेय ते मन लावून बघणारी. एक हात वर झाला. उमाच्या डोळ्यांवर आलेली बट त्या हातानं उचलली आणि कानामागं सारली. सावकाश, घाई नसल्यासारखी.

भालचंद्र गर्रकन वळला.

मधली खुर्ची रिकामी होती. उमाचे दोन्ही हात कीबोर्डवर होते आणि बोटं चालू होती. बट कानामागं होती.

"काय झालं?" तिनं न बघता विचारलं.

"काही नाही."

त्यानं पुन्हा काचेत बघितलं नाही. बघायचं धाडस नव्हतं, आणि खरं सांगायचं तर भीती त्या पाठीची नव्हती. ती बट त्याला रोज दिसायची. रोज त्याच्या मनात यायचं की ती सारावी, आणि रोज तो कामाकडं वळायचा. कुणीतरी न वळता ते केलं होतं.

७

तो उठला. पंखा बंद, खाली रस्त्यावर हातगाड्यांची खडखड, उमाची बॅटरी टी टी करतेय. टेबलाच्या कडेला हात लावत लावत तो पुढं गेला आणि त्या खुर्चीसमोर उभा राहिला. वेताची साधी खुर्ची. मग दात आवळून, कुणाला तरी ढकलून बसावं तसा तो तिच्यात बसला.

बैठक ऊबदार होती.

उमाची बोटं थांबली. तिनं मान वळवली आणि त्याच्याकडं बघितलं. तिचा सगळा चेहरा उघडला. डोळ्यांच्या कोपऱ्यांत बारीक सुरकुत्या पडल्या, ओठ जरासे विलग झाले. इतक्या वर्षांत तिनं त्याच्याकडं असं बघितलं नव्हतं. लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हासुद्धा नाही.

"आलास?" ती म्हणाली.

आलास. तिनं त्याला आजवर कधी अरे-तुरे केलं नव्हतं. एकांतातही 'अहो'च.

आता बोलायला पाहिजे. मी आहे, भालचंद्र, एवढं म्हटलं की झालं. पण त्यानं ओठ हलवायच्या आधीच त्याला दिसलं की तसं म्हटल्यावर काय होईल. हा चेहरा मिटेल. पुन्हा लाइट कधी जाणार, दुपारी, एवढंच उरेल. आणि हा चेहरा इतके दिवस दुसरा कुणी बघत होता, हे आठवून त्याला अशी आग झाली की त्यानं ओठ घट्ट मिटून घेतले.

"बघ ना," उमा म्हणाली आणि तिनं आपला स्क्रीन त्याच्याकडं वळवला. "सगळी नावं नीट बसली बघ आता. छान दिसतंय ना?"

"छान झालंय," तो म्हणाला. आवाज त्याला स्वतःचा वाटला नाही. जरा जाड होता, आणि गोड.

भुजंग चहा घेऊन वर आला. एक कप उमापुढं ठेवला, एक त्याच्यापुढं. "घ्या भाऊ," तो म्हणाला, रोजच्या ओळखीतल्या माणसाला म्हणावं तसं. एरवी तो भालचंद्राला सर म्हणायचा. मग भुजंगनं टेबलाच्या उजव्या टोकाकडं नजर टाकली. "मॅडम, सर दिसत न्हाईत. आल्ते ना सकाळी?"

"गेले असतील कुठं तरी," उमा म्हणाली. भुजंग आपल्या जागेवर जाईपर्यंत ती थांबली, मग खुर्ची सरकवून भालचंद्राला खेटून बसली. तिचा खांदा त्याच्या खांद्याला लागला. तेलाचा वास आला. ती अगदी खालच्या आवाजात, कानाशी बोलल्यासारखी म्हणाली, "बरं झालं, ते नाहीत. ते बघत बसले ना, की मला काही सुचत नाही."

भालचंद्रानं चहाचा कप उचलला. एक घोट घेऊन तो परत ठेवला.

मग त्याच्या उजवीकडून आवाज आला. टेबलाच्या त्या टोकाला, बंद मॉनिटरसमोर, खुर्ची हळूच मागं सरली. कुणीतरी श्वास घेतला आणि तो सोडलाच नाही. भालचंद्राच्या मानेच्या मागं, केस संपतात तिथं, एक नजर येऊन टेकली. ती नजर त्याला ओळखायला वेळ लागला नाही. इतके दिवस त्या टोकावरून तोच असं बघत आला होता.

त्यानं मान वळवली नाही. तो नुसता थोडा पुढं झुकला, त्याची रुंद पाठ उमाच्या आड येईल एवढा, आणि तिच्या डोळ्यांवर आलेली बट त्यानं सावकाश कानामागं सारली.